आकड्यांत रमलेला मास्तर

आमच्या लातूर-नांदेडकडे आकडा म्हटला की गुण आठवतात. दहावीला किती पडले, बारावीला किती, नीटला किती, क्रमांक कितवा आला. लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पोराला आधी हे विचारतात आणि मग त्याच्या पानात वाढतात. लातूर पॅटर्नने इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले डॉक्टर केली, इंजिनिअर केली. हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. लातूरच्या एका शाळेत मी अनेक वर्षे गणित शिकवले, आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो. मात्र एक गोष्ट इतक्या वर्षांत मनाला सतत टोचत राहिली. आमच्या मुलांना आकड्याचा धाक वाटतो, लळा लागत नाही.

हा विचार मनात आला की मला देवळालीच्या एका शाळामास्तरांची हटकून आठवण होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. ना त्यांच्याजवळ मोठी पदवी होती, ना विद्यापीठाची खुर्ची. तरीही आज जपानपासून अमेरिकेपर्यंत ज्याला अंकांची गोडी आहे त्याला कापरेकर हे नाव ठाऊक असते. आपल्याच महाराष्ट्रात मात्र अनेक घरांत ते पोचलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली आणि त्याला वाढवण्याची जबाबदारी वडिलांवर आली. या वडिलांना ज्योतिषाचे वेड होते. पत्रिका मांडायची म्हणजे सतत बेरजा, वजाबाक्या, अंश आणि कला. ज्योतिषाबद्दल कुणाचे मत काहीही असो, त्या घरात दिवसरात्र आकडेमोड चाले आणि त्या आकडेमोडीत लहानग्या दत्तात्रयाचे मन गुंतले एवढे खरे. ठाण्याच्या शाळेत असताना तो तासन्‌तास कोडी सोडवीत बसे. लांबलचक आकडेमोडीला जवळची वाट सापडते का, हा त्याचा आवडता शोध.

पुढे १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. रँग्लर परांजपे यांच्या नावाने स्वतंत्र गणिती कामासाठी एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेतली. इथे त्यांचे औपचारिक शिक्षण संपले. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळाशिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

बत्तीस वर्षे एकच गाव, एकच नोकरी. लष्करी छावणीचे आणि थंड हवेचे ते लहानसे ठिकाण. जवळ मोठे ग्रंथालय नाही, संशोधन करणारा सहकारी नाही. आज ज्याला कॅलक्युलेटर म्हणतात तोही त्या काळी शाळामास्तराच्या हाती नव्हता. कागद, पेन्सिल आणि चिकाटी हेच भांडवल. गणिताच्या इतर शाखांत एवढ्या भांडवलावर फार पुढे जाता येत नाही, पण पूर्णांक संख्या हे उघडे रान आहे. तिथे कुणीही शिरू शकतो. कापरेकर शिरले आणि पुन्हा बाहेर आलेच नाहीत. लोक त्यांना गणितानंद म्हणू लागले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध चौथी-पाचवीच्या मुलालाही करून पाहता येतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तीचे साल घेऊ, १९४८. उतरत्या क्रमाने ९८४१, चढत्या क्रमाने १४८९, वजाबाकी ८३५२. आता ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढे जायचे तर ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४च येते. गाडी शेवटच्या स्टेशनवर येऊन थांबली.

लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. ते साल घ्या, तेही दोनच पायऱ्यांत ६१७४वर येते. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ मात्र लांबून वळसा घेते. शून्य सोडायचा नाही, चढत्या क्रमात ०१५९ असे लिहायचे. मग ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. सातहून जास्त पायऱ्या कुठल्याही संख्येला लागत नाहीत. त्यांचे मृत्युसाल १९८६ हे तर पहिल्याच वजाबाकीत ८१७२ला येऊन मिळते आणि पुढे जन्मसालाच्याच वाटेने जाते. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात ज्योतिष शोधू नये. पण मास्तरांना तो आवडला असता असे वाटते.

असे का होते? चार अंकांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतला फरक, आणि मधल्या दोघांतला फरक, या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते. पहिल्या फरकाला ९९९ने गुणा, दुसऱ्याला ९०ने गुणा, दोन्ही मिळवा, झाले उत्तर. १९४८मध्ये हे फरक ८ आणि ४ आहेत. ७९९२ अधिक ३६०, म्हणजे ८३५२. अशा फरकांच्या जोड्या सगळ्या मिळून ५४च होतात. म्हणजे हजारो संख्या तपासायची गरज नाही, ५४ प्रकार तपासले की सिद्धता पूर्ण. मी वर्गात नऊ गट पाडून प्रत्येकाला सहा प्रकार वाटून देत असे. तासाभरात फळा भरून जाई आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी ६१७४ उभा असे. त्या तासाला घंटा झालेली मुलांना ऐकू येत नसे.

हा शोध कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्याला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांसाठी तसाच स्थिरांक आहे ४९५.

त्यांचा दुसरा शोध डोंबिवली स्टेशनाशी जोडलेला आहे. या स्टेशनाचे नाव पूर्वी डेमलो असे लिहीत. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या असे नाव दिले. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या नुसत्या एकांच्या वर्गातून येतात. ११चा वर्ग १२१, १११चा वर्ग १२३२१, आणि नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१. वर चढणारा आणि खाली उतरणारा जिनाच जणू.

या नुसत्या एकांच्या रांगेतून आपण एका गंभीर विषयाच्या दाराशी येतो, तो म्हणजे मूळ संख्या. जिला १ आणि स्वतः याशिवाय दुसऱ्या कशाने निःशेष भाग जात नाही ती मूळ संख्या, हे शाळेत सर्वांनी शिकलेले असते. ११ ही मूळ आहे. १११ नाही, ती ३ गुणिले ३७ आहे. पाच एक लिहिले तर ४१ गुणिले २७१. सात एक लिहिले तर २३९ गुणिले ४६४९. पुढे एकदम १९ एकांची रांग मूळ निघते, मग २३ एकांची, आणि त्यानंतर थेट ३१७ एकांची. त्यापुढची १०३१ एकांची. ही शेवटची खरोखर मूळ आहे याची सिद्धता प्रसिद्ध झाली ती १९८६ साली, म्हणजे कापरेकर गेले त्याच वर्षी. अशा मूळ रांगा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे आजही सिद्ध झालेले नाही. कोवळ्या मुलाला कळेल असा प्रश्न आणि त्यापुढे सारे जग हतबल, ही अंकगणिताची खासियत आहे.

कापरेकरांनी संख्यांना नावे मोठी गोड दिली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. १२ची अंकांची बेरीज ३, आणि ३ने १२ला भाग जातो. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. खुद्द ६१७४ही हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे ७चा घन! दोन किंवा अधिक अंकांची मूळ संख्या मात्र कधीच हर्षद नसते. तिच्या अंकांची बेरीज १पेक्षा मोठी आणि तिच्यापेक्षा लहान, मग भाग जाणार कसा? मूळ संख्येच्या पत्रिकेत हा आनंद लिहिलेलाच नाही.

तिसरा प्रकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ४५चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसेच ५५चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. या कापरेकर संख्या. २०२५ साल उजाडले तेव्हा जगभरच्या अंकप्रेमींनी ४५ची ही गंमत एकमेकांना कळवली, ती देवळालीच्या या मास्तरांमुळे.

पण माझ्या मते त्यांची सर्वांत खोल कल्पना चौथी आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४मध्ये ६ मिळवले की ३०. मग ३३, मग ३९. अशी प्रत्येक संख्या पुढच्या एकीला जन्म देते. म्हणजे २१ ही २४ची जननी. कुणाला दोन जननीही असतात. १०१ ही ९१पासूनही होते आणि १००पासूनही. आता प्रश्न असा, की जिला जननीच नाही अशी संख्या असते का? असते. २० पाहा, ती कुठल्याच संख्येपासून होत नाही. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याही तशाच. कापरेकरांनी त्यांना आपल्या गावाचे नाव दिले, देवळाली संख्या. मराठीत स्वयंभू म्हटले तर अर्थ चटकन कळतो. औंढ्या-परळीच्या आपल्या मुलखात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

यातच मूळ संख्यांची गाठ घालून बघू. १००च्या आत २५ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी स्वयंभू फक्त सहा, ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७. जिला भागणारा कुणी नाही आणि जन्म देणाराही कुणी नाही, अशा या सहाजणी. एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे नुसते पाहून सांगता येत नाही, शोध घ्यावाच लागतो. या शोधाकडे शेवटी पुन्हा येऊ.

हे सारे करताना मास्तरांच्या पदरात काय पडले? बराच काळ हसू. आपल्याकडच्या कित्येक गणितज्ञांना हे उद्योग पोरकट वाटत. त्यांचे लेख बहुधा साध्या नियतकालिकांत येत, काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. हसणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ६१७४ची जादू आपल्या दशमान लेखनपद्धतीवर उभी आहे. दहाऐवजी आठाच्या पटीत मोजणारी माणसे असती तर हा स्थिरांक नाहीसा झाला असता. रामानुजनला इंग्लंडला नेणारे हार्डी यांनी १९४० सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अशा अंकांच्या गमतींना खऱ्या गणितात जागा नाही, असेच मत मांडले होते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ९८०१ ही संख्या होती, कारण ती उलट लिहिलेल्या १०८९च्या बरोबर नऊपट आहे. गंमत अशी की तीच ९८०१ ही ९९चा वर्ग आहे आणि ९८ अधिक ०१ म्हणजे ९९. हार्डींनी बाजूला टाकलेला खडा देवळालीच्या मास्तरांच्या अंगणात असा चमकत होता.

हार्डींचे म्हणणे मोठ्या गणितापुरते मला मान्य आहे. ६१७४मुळे एखादा महासिद्धान्त उभा राहिला असे कुणी म्हणणार नाही. पण मोठ्या गणितापर्यंत पोचायची वाट कुठून सुरू होते? शाळेच्या फळ्यापासून. तिथे मुलाच्या मनात हे असे का होते हा प्रश्न एकदा उठला की अर्धे काम झाले. तो प्रश्न उठवणारे साधन कापरेकरांनी आयुष्यभर घडवले, आणि बोलावणे आले की शाळा-महाविद्यालयांत जाऊन वाटले.

१९६२ साली निवृत्ती आली. १९६६ साली पत्नी वारली. निवृत्तिवेतन इतके तुटपुंजे की उतारवयात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून दिवस काढावे लागले. अशात मार्च १९७५मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लोकप्रिय सदरातून कापरेकरांची आणि त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. गार्डनर यांचे सदर देशोदेशी वाचले जाई. सत्तरीतल्या या मास्तरांचे नाव एका फटक्यात जगभर गेले. घरी हसणारे गप्प झाले का, ते सांगता येत नाही, पण बाहेरच्यांनी ऐकून घेतले. १९८६ साली देवळालीत त्यांचा अंत झाला.

आता त्या स्वयंभू शोधाकडे. २००४ साली अमेरिकेत जॉश फिंडली यांना संगणकाच्या साहाय्याने एक प्रचंड मूळ संख्या सापडली. २ला २ने असे एकंदर २,४०,३६,५८३ दोन मांडून गुणत जायचे आणि शेवटी १ वजा करायचा, ती ही संख्या. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. दर सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता वाचत बसलो तरी ८३ दिवस उलटून जातील. ऑक्टोबर २००६मध्ये ल्यूक पेबडी यांनी या संख्येबद्दल एक गोष्ट दाखवून दिली. ही संख्या मूळ तर आहेच, शिवाय स्वयंभूही आहे. तिला जननी नाही.

एवढ्या अवाढव्य संख्येची जननी शोधायची कुठे? उत्तर कापरेकरांच्या व्याख्येतच आहे. एक अंक फार तर ९ असतो. तेव्हा ७२ लाख अंकांची बेरीज फार तर साडेसहा कोटींच्या आसपास जाईल. म्हणजे जननी असलीच तर ती या संख्येच्या मागे साडेसहा कोटींच्या टप्प्यातच सापडायला हवी. शिवाय त्या टप्प्यातल्या संख्यांचे सुरुवातीचे लाखो अंक सारखेच असतात, बदलतात ते शेवटचे काही. सारे जग पालथे घालायची गरज नाही, गल्ली तेवढी धुंडाळायची. एका शाळामास्तराने दोन अंकी संख्यांवर केलेला विचार ७२ लाख अंकांच्या संख्येवर जशाच्या तसा चालला. २०२४ साली यापेक्षाही मोठी, ४,१०,२४,३२० अंकांची मूळ संख्या सापडली. कापरेकरांचा प्रश्न तिलाही विचारता येतो.

गुणांची शर्यत थांबवा असे मी म्हणणार नाही. ज्या घरात एका मुलाच्या निकालावर तीन एकर जमिनीचे कर्ज अवलंबून आहे, तिथे असला उपदेश करणे सोपे आणि निर्दय आहे. निकालाचा आकडा त्याच्या दिवशी येईलच. मागणे एवढेच आहे की त्या आकड्याखेरीज दुसरेही आकडे घरात येऊ द्यावेत. कापरेकरांना आकड्यांनी पैसा दिला नाही, मान दिला तोही फार उशिरा. पण आई लवकर गेलेल्या मुलाला, हसू झेलणाऱ्या मास्तराला आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला आकड्यांनी कधी सोडले नाही. आमच्या मुलांच्या वाट्याला अशी सोबत आली तर पुढे कमी गुणांचा दिवसही त्यांना सोसता येईल.

आज रविवार आहे. घरातल्या प्रत्येकाने आपल्या फोन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहावेत आणि वजाबाकी सुरू करावी. चारही अंक सारखे नसले तर सातव्या पायरीपुढे कुणालाच जावे लागणार नाही. लहानांना आधी करू द्यावे, आणि असे का होते हे त्यांनी विचारले तर उत्तर लगेच सांगू नये.